काकांची दिल्ली

ऑटोवाला आरशातून माझ्याकडं सारखा बघत होता. कोठीच्या सिग्नलला मी ठरवून टाकलं, आता याला चार शब्द ऐकवायचे. पण तोच मागं वळून म्हणाला, "अम्मा, वो फोटूवाली तुमीच हैं ना? दिल्ली जारे बोलके लिखे हैं?"

मी म्हटलं, "मैं कहीं नै जारी. कायका फोटू?"

त्यानं हातानंच दाखवलं. सुलतान बाजारात वळताना, कोपऱ्यावरच्या बांगड्यांच्या दुकानाच्या वर, विजेच्या खांबाला बांधलेला फ्लेक्स. त्यात मी. बारावीच्या ओळखपत्रावरचा फोटो ताणून ताणून मोठा केलेला, त्यामुळं तोंड भोपळ्याएवढं झालेलं. वर 'हार्दिक अभिनंदन', खाली 'दिल्ली येथील सुप्रसिद्ध विद्यापीठात निवड झाल्याबद्दल', आणि त्याच्याही खाली, माझ्यापेक्षा मोठ्या फोटोत, हात जोडून उभे असलेले आमचे मोठे काका. शुभेच्छुक.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या ऑटोत कळलं. कारण मी दिल्लीला जाणार नव्हते. आणि हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

झालं होतं असं, की एम.ए.साठी मला दोन विद्यापीठांनी घेतलं होतं. एक दिल्लीचं, ज्याचं नाव काढलं की आमच्याकडं माणसं उभी राहतात. दुसरं आमच्याच शहराच्या टोकाला, गच्चीबावलीकडं, झाडीत आणि खडकांत पसरलेलं. नाव दोन्हींचं मोठं. देशभरची मुलं दोन्हीकडं जागा मिळावी म्हणून जीव टाकतात. मला भाषाशास्त्र करायचं होतं, आणि त्यातही आमच्या बाजारात बोलतात ती दखनी. तिच्यात मराठी कुठून कुठं शिरली, कोण कुणाचे शब्द घेऊन बसलंय, हे मला खणून काढायचं होतं. इथल्या विद्यापीठात पहिल्या वर्षापासून शहरात फिरून लोकांचं बोलणं टिपून घ्यायची सोय होती. दिल्लीला बसून मी सुलतान बाजार कुठून ऐकणार होते? माझ्यापुरता निकाल लागला होता. घरात तसं मी जेवताना सांगितलंही होतं.

काकांनी घास ताटात ठेवला. "दुकानातली भाषा शिकायला विद्यापीठात जातेत का?" म्हणाले. "मंग माझ्या गल्ल्यावरच बस की. फुकट शिकवतो."

खरं तर तिथंच शिकले होते मी. आमचं कापडाचं दुकान. पणजोबा नांदेडकडची शेती भावाच्या हवाली करून निजामाच्या काळात इथं आले, आजोबांनी दुकान टाकलं, आता काका आणि बाबा चालवतात. काका मालक, बाबा त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काकांचं बोलणं संपलं की 'हौ' म्हणणारे. शाळेतून आले की मी दुकानात ताग्यांच्या मागं बसायची. काका गिऱ्हाइकाशी बोलायला लागले की गृहपाठ राहायचा बाजूला. "आओ अम्मा, क्या होना बोलो." "येऽ रंग? धोते धोते हाथ दुखींगे, रंग नै जाता." बुरखेवाल्या बायका हसून हसून बाकावर बसायच्या. एखादी भाव फारच पाडायला लागली की काका तागा गुंडाळत म्हणायचे, "परेशान नक्को हो अम्मा, मुफत में लेके जाओ, मैं भी आता साथ में." आणि ती घ्यायचीच! तेलुगू बाई आली की तेलुगू, मारवाडी आला की त्याची हिंदी, आणि आमच्याशी आमची मराठी, करायलाव-जायलावची. तो माणूस बोलायला लागला की ऐकत बसावं. मला या विषयाचं खूळ लावलं ते त्यांनीच, आणि आता तेच मला शिकवायला निघाले होते की दुकानातली भाषा शिकायची नसते.

दिल्लीचं वेड त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं तेही सांगते. आमचं इथलं मराठी मंडळ. गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू, गुणवंतांचा सत्कार, असं सगळं करणारं. पूर्वी तिथं आमच्यासारखीच माणसं होती, कुणी नांदेडचं, कुणी बिदरकडचं, कुणी लातूरचं. कार्यक्रम कसेही व्हायचे, माईक खरखरायचा, पण पुऱ्या पोटभर मिळायच्या. मग कंपन्या आल्या आणि पुण्यामुंबईची मंडळी आली. गाड्यांतून यायची. त्यांनी मंडळ सुधारायला घेतलं. चांगलंच केलं बरंच काही, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या बायकांनी तोंड उघडलं की त्या एकमेकींकडं बघायच्या. एका गणपतीत काका चार शब्द बोलले, कार्यवाह म्हणून. खाली उतरल्यावर एक बाई कौतुकानं म्हणाल्या, "किती गोड बोलता हो तुम्ही! करायलाव, जायलाव... अगदी नाटकातल्यासारखं!" आणि बाजूच्या चौघी खळखळून हसल्या. वाईट हेतू नसेल. पण मी काकांच्या शेजारी उभी होते. त्यांचे कान लाल झाले होते, आणि तेही हसत होते.

त्यानंतर मंडळात काकांची मराठी बदलली. "आपण यावे." "अल्पोपाहाराची व्यवस्था करण्यात आलेली आहे." घशात काटा अडकल्यासारखं बोलायचे. दुकानात परत येऊन पहिल्या गिऱ्हाइकाला "आओ अम्मा" म्हणाले की मला हायसं वाटायचं.

त्या मंडळींची मुलं अमेरिकेत जात, जर्मनीत जात, आणि दरवर्षी सत्कार त्यांचेच. आमच्या जुन्या घरांतली मुलं टाळ्या वाजवायला. आता काकांच्या हाताला दिल्ली लागली होती. त्यांना ती त्या लोकांच्या तोंडावर मारायची होती, आणि फेकायला दगड म्हणून मी होते!

फ्लेक्स बघून मी तशीच दुकानात गेले. काका गल्ल्यावर होते, बाबा आत तागे लावत होते.

"फ्लेक्स कुणी लावायला सांगितला?"

"छान झालाय ना?" काका म्हणाले. "जरा फोटोत हसली असतीस तर..."

"मी दिल्लीला जात नाही म्हणून सांगितलंय मी."

"जायलीस तू. सीट पक्की केली आपण."

मला वाटलं, नुसतं बोलायलेत. पण बाबा आतून बाहेरच आले नाहीत, तेव्हा खरं वाटलं. अर्ज भरताना बाबांचा मोबाइल नंबर दिला होता. माझा नंबर तेव्हा बदलायचा होता, म्हणून. ओटीपी त्यांच्या फोनवर गेला आणि त्यांनी तो मोठ्या भावाला वाचून दाखवला. एवढंच. माझ्या आयुष्याचा निर्णय, आणि बाबांनी काय केलं, तर आकडे वाचून दाखवले.

मी बाबांना म्हटलं, "बाहेर या. माझ्याकडं बघून बोला."

"तुझ्या भल्यासाठीच आहे की बेटा," आतूनच आवाज आला.

"भल्याचं राहू द्या. मला विचारलं का?"

"आवाज कमी कर," काका म्हणाले. "गिऱ्हाईक आहे."

आवाज कमी करायचा! भर बाजारात माझं तोंड खांबाला बांधलं होतं, आणि आवाज मी कमी करायचा.

मी म्हटलं, करा काय करायचं ते. दिल्लीची सीट पक्की झाली म्हणून मला कुणी उचलून रेल्वेत बसवत नाही. नामपल्ली स्टेशनापर्यंत मला पायांनीच जावं लागेल, आणि पाय माझे आहेत. इथल्या विद्यापीठाची प्रवेशाची तारीख होती पुढच्या सोमवारी. समोर जायचं, मूळ कागदपत्रं दाखवायची, झालं. मी म्हटलं, "माझी फाईल द्या."

तर काकांनी खिशावर हात ठेवला. नुसता हात. आणि मला कळलं.

आमच्या घराची एक पद्धत आहे. घरातलं जे जे मोलाचं, ते दुकानाच्या तिजोरीत. बायकांचे दागिने, घराचे कागद, आजीच्या पाटल्या, आम्हा पोरांच्या गुणपत्रिका, सगळं. घरात ठेवलं तर हरवतं, उंदीर खातात, पाणी शिरतं. तिजोरीची चावी एकच, आणि ती आजोबांनंतर काकांच्या शर्टाच्या आतल्या खिशात. ती मागायची कुणाला कधी वेळच आली नव्हती. माझी फाईल, दहावीपासूनच्या सगळ्या मूळ गुणपत्रिका, मीच नीट लावून त्यांच्या हातात दिली होती, सुरक्षित राहावी म्हणून.

"दिल्लीला निघताना देतो," ते म्हणाले. "तोवर सांभाळतो की. हरवलीस तर?"

विद्यापीठात फोन केला. तिथल्या बाईंनी सरळ सांगितलं, मूळ कागद नसतील तर जागा यादीतल्या पुढच्याला जाईल. त्यांचं काही चुकलं नाही. बाहेर रांग लावून मुलं उभी असतात.

मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला जेवण-झोप म्हणायचं म्हणून म्हणायचं. मी काकांशी बोलणं बंद केलं. ताटावर बसले की ते मोठ्यानं बाबांना सांगायचे, "दिल्लीत थंडी लई असती, तिला स्वेटर घ्या." मी ताट उचलून आत जायची. बाबा 'हौ' म्हणायचे. आई माझ्या मागं मागं, "गप बस ना गं. जा की दिल्लीला. पोरी मरतात जायला. तुझ्यामुळं घर फुटायलंय."

"माझ्यामुळं?"

"मंग कुणामुळं? ते मोठे आहेत."

आई असं माझं तोंड दाबायची तेव्हा मला काकांपेक्षा तिचाच जास्त राग यायचा. ती माझ्या बाजूची होती, हे मला माहीत होतं आणि तिलाही. तरी काकांसमोर तिनं माझी बाजू घेतली नाही. वर रात्रीच्या भांड्यांत ती एवढा आवाज करायची की जणू भांड्यांनीच कुणाचं काही बिघडवलंय.

मंडळात माझा सत्कार रविवारी सकाळी होता. सोमवारी माझी तारीख. शुक्रवारी काकांनी माझ्या हातात एक कागद ठेवला, माझं भाषण. त्यांनी स्वतः लिहिलेलं. "व्यासपीठावरील मान्यवर" पासून सुरू होऊन "दिल्लीसारख्या ज्ञाननगरीत पदार्पण करताना" पर्यंत. मी वाचला. त्यात माझं काहीच नव्हतं. खरं म्हणजे त्यांचंही काही नव्हतं.

"पाठ कर," म्हणाले. "ती लोकं ऐकत राहिली पाहिजेत."

मी कागद घेतला. कुर्त्याच्या खिशात घातला. मनात म्हटलं, ऐकत राहतील, काळजी नको.

रविवारी सभागृह भरलं होतं. पुढं अध्यक्ष, कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचे, पुण्याचे. बाजूला काका, कडक इस्त्रीचा झब्बा, माईक त्यांच्या हातात. आई-बाबा तिसऱ्या ओळीत. मला शाल दिली, नारळ दिला. काका माईकवर म्हणाले, "आता आमची कन्या आपले मनोगत व्यक्त करतील." मला 'करतील'. घरात मला एक शब्द विचारायचा नाही, आणि इथं करतील!

मी कागद काढलाच नाही. मी म्हटलं, "मी दिल्लीला जायली नाही. फ्लेक्सवर लिवलंय ते चुकीचं आहे. मी इथंच शिकणार आहे, आपल्या बाजारातली भाषा. उद्या माझा प्रवेश आहे. त्याला माझी फाईल लागती, आणि ती काकांच्या तिजोरीत आहे. काका, मला ही शाल नको. माझी फाईल द्या."

आणि हात पुढं करून उभी राहिले. सगळ्यांसमोर. मला लाज वाटली नाही. उलट इतक्या दिवसांनी पहिल्यांदा श्वास पुरा घेतल्यासारखं झालं.

काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. रागावलेला नव्हता तो. गणपतीत त्या बायका हसल्या तेव्हा होता तसा झाला होता.

आणि तेवढ्यात अध्यक्ष उठून टाळ्या वाजवायला लागले. "अरे वा! म्हणजे आमच्याच शेजारचं विद्यापीठ! अगं, तिथं प्रवेश मिळणं म्हणजे काय सोपं आहे का? माझ्या भाचीचं झालं नाही तिथं. दिल्ली सोडून तिनं हे निवडलं, बघा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या गोड-गोड म्हणणाऱ्या बाईसुद्धा. "आणि दखनी म्हणजे, सो इंटरेस्टिंग!" असं कुणीतरी म्हटलं.

ज्या लोकांसाठी काकांनी माझी मान मुरगाळली, त्यांना दिल्लीचं काही पडलेलंच नव्हतं. त्यांना हेच आवडलं होतं. काका माईक धरून हसत उभे राहिले. "अवश्य, अवश्य," म्हणाले. "तिचीच इच्छा प्रमाण."

जेवणं व्हायच्या आत ते बाहेर पडले आणि मला हातानं 'चल' म्हणून खुणावलं. बाजार बंद होता. आम्ही दोघं चालत दुकानावर आलो. वाटेत तो फ्लेक्स होता, त्याच्या खालून गेलो. काकांनी शटर अर्धं वर केलं, वाकून आत गेले, तिजोरी उघडली. मी ताग्यांच्या मागं माझ्या जुन्या जागेपाशी उभी होते. त्यांनी फाईल काढली, झब्ब्याच्या बाहीनं पुसली, आणि गल्ल्यावर आपटली.

"घे."

मी घेतली.

"आम्ही इथं राहून काय झालो ते बघितलंस ना? हसतेत आमच्यावर. तुला त्यातून काढायलो होतो मी." आवाज चिरका झाला होता. "राहा मंग. राहा आमच्यासारखी."

शिवीसारखं म्हणाले ते. मला एवढा संताप आला. मी म्हटलं, "तुमच्यासारखं बोलता यावं म्हणूनच राहायलेय मी. तुम्हाला स्वतःची लाज वाटते, त्याला मी काय करू?"

मी शटरखालून वाकून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी माझा प्रवेश झाला.

मग मी शिकले. एम.ए. झालं, आता त्याच विषयावर प्रबंध लिहिते. अफझलगंजला, चारमिनारला, नामपल्लीच्या फाटकापाशी, फोनवर रेकॉर्डिंग लावून माणसांचं बोलणं गोळा करत फिरते. भाजीवाल्या, अत्तरवाले, दर्जी, सगळे बोलतात माझ्याशी. भरभरून बोलतात. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणतात, कापडबाजारातलं जुनं बोलणं मात्र तुझ्याकडं कमी पडतंय. म्हणून मी दुकानात जाते.

बाहेरून ऐकू येतं. "आओ अम्मा, बैठो, कायकू गुस्सा करते?" तोच आवाज, तेच हसणं. मी पायरीवर उभी राहून ऐकते. मग आत पाऊल टाकते आणि काकांचा चेहरा बंद होतो. गिऱ्हाइकाला ते बाबांच्या हवाली करतात, चष्मा नीट करतात, आणि मला म्हणतात, "या. बसावे. आपण चहा घेणार का?"

मला. आपण.

मी चिडते, भांडते, म्हणते, काका, हे नाटक बंद करा. "काही चुकले का आमचे?" विचारतात, मंडळातल्या त्या मराठीत, एक शब्द इकडचा तिकडं होऊ न देता. माझ्यासमोर गिऱ्हाइकाशीसुद्धा तसंच बोलतात. बुरख्यातल्या बायका गोंधळून बघतात. मी उठून बाहेर पडले आणि शटरच्या पलीकडं गेले, की मागून त्यांचा तोच जुना आवाज पुन्हा सुरू होतो.